भुसा कुणीकडं पडला

आपला लेक कृष्णात विमान चालवतो, हे बनुबाईनं ज्याला सांगितलं नाही असा माणूस आष्ट्याच्या बाजारात उरला नव्हता. कासाराला सांगून झालं, भाजीवालीला दोनदा. त्यातच चौऱ्याहत्तर साली उसावर औषध मारायला तिच्या लेकाच्याच कंपनीचं विमान येणार ठरलं आणि त्याची उतरायची पट्टी आखली गेली ती नेमकी तिच्या शिवाराला लागून असलेल्या माळावर. मग काय, बाईचे पाय जमिनीवर ठरेनात.

पट्टीच्या उगवतीच्या टोकाला तिचं शाळूचं खळं. मावळतीच्या टोकाला राखणदार बादशहाचं खोपट आणि खांबावर कापडाची लांब बाही. वारा भरला की बाही फुगायची आणि तो कुठून कुठं चाललाय ते वरून कळायचं. बादशहा मूळचा शिंपी. बाही त्यानंच शिवली होती आणि साठीतही दर सोमवारी खांबावर चढून तिच्या कडीला तेल घालायचा.

कृष्णातनं निरोप धाडला होता, की विमान तुझ्या खळ्यासमोर आणून उभं करतो. त्या दुपारी बनुबाई तिपाईवर उभी राहून शाळू उफणत होती. वारा मावळतीचा, एकसारखा. विमानही मावळतीकडूनच खाली आलं, तसं तिच्या हातातलं सूप थांबलं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, हे कृष्णातनंच तिला सांगितलं होतं. हा तर वारा पाठीशी घेऊन येत होता. विमान थांबेचना. तिच्यासमोरून तसंच पुढं गेलं, बांध ओलांडून पाटात नाक खुपसून पडलं. पंख मोडला, कृष्णातच्या खांद्याचं हाड मोडलं, पण जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हात गळ्यात बांधून खळ्यावर आला. बाही अडकून उलटा वारा दाखवत होती, असा जबाब त्यानं देऊन टाकला होता. बादशहाला घरी बसायला सांगितलं होतं. दुपारी चौकशीचे साहेब येतील तेव्हा आईनं वारा फिरत होता एवढं म्हणावं आणि तेवढा भुसा गोळा करून ठेवावा, असं त्याचं मागणं होतं. भुसा राशीच्या उगवतीला लांबवर पसरला होता. कालचा वारा जसाच्या तसा जमिनीवर उमटला होता.

बाही खरंच अडकली होती का, असं तिनं विचारलं.

"आये, उगवतीकडनं उतारलो असतो तर तुज्या डोक्यावरनं जाऊन पार तिकडं थांबलो असतो. तुला जवळनं दावायचं हुतं."

हौस तिचीच होती. तिनं खराटा उचलला. पोराच्या पोटापाण्यापुढं भुशाचं काय एवढं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. दोन हात मारलेही. मग समोर पट्टीपलीकडं ती बाही दिसली, वाऱ्यानं टम्म फुगलेली, एक टाका न उसवलेली. तिनं खराटा बांधाला टेकवून ठेवला.

साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं भुशाकडं हात केला.

"सायेब, वारं फिरलं न्हाई. बाही अडाकली न्हाई. भुसा कुनीकडं पडलाय बगा. पोराला मला इमान दावायचं हुतं."

कृष्णात भुशापाशी आला. मग हळूच म्हणाला, मला जबाब बदलायचाय.

बादशहा कामावर परतला. कृष्णातचं उडणं सहा महिने बंद झालं आणि त्या सहा महिन्यांत त्याचं एक पत्र आलं नाही. बनुबाई बाजारात गेली तरी विमानाचं नाव काढेनाशी झाली. आपण लेकाला वैरी झालो, असंच ती धरून चालली होती.

पुढच्या साली शाळू उफणताना पुन्हा घरघर ऐकू आली. विमान खळ्याभोवती फिरलं, भुसा कुणीकडं उडतोय ते बघावं तसं. मग उगवतीकडून, तिच्या डोक्यावरून जाऊन पार मावळतीच्या टोकाला थांबलं. त्यातून मुंगीएवढा माणूस उतरला आणि तिच्याकडं तोंड करून उभा राहिला.

बनुबाईनं सूप खाली ठेवलं आणि अख्खी पट्टी चालत गेली.