विमानात न नेलेल्या हेम्पच्या गोळ्या

नियम मोडणं आर्डिसच्या रक्तात नव्हतं, पण नियम मुळापासून समजल्याशिवाय तिला चैनही पडत नसे. मिनेसोटातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं पातेली उचलून तिची बोटं आखडली होती. रात्री हेम्पची, म्हणजे भांगेच्याच जातीच्या पण नशा न आणणाऱ्या झाडाची, एक जेलीची गोळी, चेरीच्या चवीची, खाल्ली की सकाळी ती उघडत. येत्या रविवारी तर ती उघडायलाच हवी होती. धाकट्या बहिणीच्या, व्हर्नाच्या लग्नाच्या वाढदिवसाला आयडाहोतल्या तिच्या चर्चमध्ये आर्डिसने ऑर्गन वाजवायचा होता.

वाढदिवस एकोणपन्नासावा!

"अगं, वर्षभर थांब की. पन्नासावा दणक्यात करू," आर्डिस फोनवर म्हणाली होती.

"मला नको दणका. तू ये म्हणजे झालं."

आर्डिसला हे पटलं नाही. पण आधी गोळ्यांचा प्रश्न. विमान कंपनीतली मुलगी म्हणाली, तपासणीवाल्यांना विचारा. तपासणीवाले म्हणाले, नशेचा अंश तीन दशांश टक्क्यांच्या आत असेल तर आमची हरकत नाही, पण उतराल तिथलं राज्य काय म्हणतं ते बघा. दुसरी कुणी असती तर इथेच थांबली असती. आर्डिसने थेट आयडाहोच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत फोन लावला, आणि आपलं नाव, पत्ता, विमानाचा नंबर सगळं सांगून विचारलं, आणू का?

पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, आमच्याकडे कणभरही चालत नाही. तुम्ही आणत नाही आहात, असं मी धरून चालतो."

"मी अजून ठरवलं नाही, म्हणून तर विचारतेय. आणि तुमचा कायदा नेमका कुठून लागू होतो? विमान वर असतं तेव्हा की चाकं टेकल्यावर?"

"बाई, प्रवास सुखाचा होवो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

गोळ्या चीजच्या रिकाम्या डब्यात, फ्रिजमध्येच राहिल्या. गुरुवारी दुपारी बॉइझीला उतरेपर्यंत आर्डिसची बोटं वाळक्या शेंगांसारखी वळली होती. स्तोत्राची दोन कडवी कशीबशी वाजवू, बाकीची लोकांनी नुसती गावीत, असं तिने मनाशी ठरवलं.

व्हर्ना आणि तिचा नवरा ऑर्विल न्यायला आले होते. व्हर्ना वाळली होती. वाटेत आर्डिसने गोळ्यांची आणि शेरीफच्या फोनची सगळी हकीकत सांगितली. घराचं वळण आलं, पण ऑर्विलने गाडी सरळ पुढे काढली.

"कुठे निघालोय आपण?"

"आइस्क्रीम खायला. पन्नास मैलांवर," व्हर्ना म्हणाली.

"पन्नास मैल लांब?"

"चांगलं असतं तिथलं. गप्प बस जरा, प्रश्नांची खाण आहेस नुसती."

तासाभराने नदीवरचा पूल ओलांडला. पलीकडे ऑरेगन राज्य लागलं, तिथे असल्या गोळ्या कायद्याने चालत. ऑर्विल जिथे थांबला त्या दुकानासमोरच्या सगळ्या गाड्यांवर आयडाहोच्या नंबरपाट्या होत्या. दुकानात भिंतभर गांजाच्या आणि हेम्पच्या गोळ्या मांडल्या होत्या, आणि हीच व्हर्ना, चर्चची खजिनदार, बियरचा वाससुद्धा सहन न करणारी, काउंटरपाशी जाऊन उभी राहिली.

"व्हर्ना, नेहमीचंच ना?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"आज दोघींसाठी. हिला हेम्पची, चेरीची."

गाडीत बसून दोघींनी एकेक गोळी चघळली. उरलेल्या व्हर्नाने काउंटरवरच्या मुलीकडे परत नेऊन ठेवल्या. "पुलापलीकडे एकही नेलेली नाही मी. ऑर्विल खात नाही, तोच गाडी चालवतो. उद्या, परवा पुन्हा येऊ. रविवारपर्यंत उघडतील तुझी बोटं."

"पण पोटात गेलेलं पुलापलीकडे नेलं तर चालतं?"

"तुझ्या त्या शेरीफला विचार."

आर्डिस खळखळून हसली. मग हसता हसता तिच्या लक्षात आलं. "नेहमीचंच म्हणाली ती. कधीपासून येतेस तू?"

"मार्चपासून." व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती. "डॉक्टरांनी केमो थांबवली तेव्हापासून. दुखतं फार गं."

ऑर्विलने गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो नुसता बसून राहिला.

आर्डिसला रडू फुटलं. विचारण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं, पण एकोणपन्नासावाच का, ते आता विचारायचं उरलं नव्हतं. तिने आपल्या वाकड्या बोटांनी बहिणीचा हात धरला.

"रविवारी किती कडवी आहेत?"

"सहा."

"सगळी वाजवीन."