नमुन्याच्या खुर्चीचा आखूड पाय

मी नमुन्याची खुर्ची बोलतेय. बसायची नव्हे, दाखवायची. पाठीला लाखेचं सील, म्हणून आजवर कोणी माझ्यावर टेकलं नाही.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला दहा वर्षं झाली होती. ठेकेदार तात्यासाहेबांनी मला चांगल्या सागवानातून घडवून घेतलं आणि औरंगाबादच्या एका सरकारी कचेरीत आणून ठेवलं. खेड्यांतल्या शाळांत शंभर मास्तर उभ्यानं शिकवत होते. त्यांच्यासाठी माझ्यासारख्या खुर्च्या घ्यायच्या होत्या. तात्यासाहेबांचा भाव तीस रुपये. मंजूर रकमेत साठच बसत होत्या.

तेवढ्यात कचेरीत नवे अधिकारी गयाससाहेब रुजू झाले. मद्रासला शिकून आलेले, बोलताना टेबलावर मूठ आपटणारे. म्हणाले, "रास्त भाव काय, ते ही खुर्चीच सांगेल!"

मी काही सांगायच्या आत त्यांनी पेचकस काढून माझे स्क्रू सोडवले. बघता बघता माझा ढीग झाला. त्यांनी लाकूड मोजलं, स्क्रू मोजले, सुताराची मजुरी, पॉलिश धरलं. ठेकेदाराचा नफासुद्धा इमानदारीनं धरला. भाव निघाला अठरा.

"शंभर येतात!" साहेब ओरडलेच.

तात्यासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "लई बारीक हिशेब केला, साहेब. देतो अठरानं. पण नमुना जोडून ठेवा. माल त्याच्याशीच ताडून घ्यायचा कायदा हाय."

शिपाई बन्सीनं विचारलं, "सुताराला बलवू का?"

"त्याची मजुरी सरकारवर कशाला?" म्हणत साहेबांनी स्वतःच मला जोडलं. डावा पाय लांब वाटला, म्हणून घासला. मग उजवा लांब झाला, तोही घासला. मग पुन्हा डावा. शेवटी दमून त्यांनी नवं सील लावलं. मी डुगडुगत होते.

महिन्यानं शंभर खुर्च्या आल्या. सगळ्या डुगडुगत्या.

"तात्यासाहेब, हे काय?"

"नमुन्याबरहुकूम माल, साहेब. सारख्या पायांची आणली असती, तर तुमीच परत धाडली असती. पाय असा आखूड करताना सुतार रडकुंडीला आला, पण जादा पैसे मागितले नाय."

बन्सी हसू लपवायला भरलेला माठ पुन्हा भरू लागला.

साहेबांनी खुर्च्या शाळांत पाठवल्या. आता सुट्टीच्या दिवशी पिशवीत लाकडी पाचरी घेऊन ते निघतात. कधी दौलताबाद, कधी एसटीनं कन्नड. एकेका पायाला स्वतः पाचर ठोकतात. मास्तर बसले.

मलाही पाचर मिळावी म्हणून बन्सी एकदा वाकला होता. साहेबच म्हणाले, "नको. सीलबंद नमुन्यात फेरफार चालत नाही."

तर वाचकहो, रास्त भाव जरूर काढा; फक्त सुताराची मजुरी वाचवू नका. आणि कचेरीत आलात, तर माझ्याजवळून हळू चाला. जरा धक्का लागला की मी डुलते, आणि साहेबांची मान खाली जाते.