लाकडी पायांची टाकी

तंबाखूच्या बंद पडलेल्या गोदामामागे लाकडी पायांवर एक गंजलेली लोखंडी टाकी उभी आहे. त्या ऑक्टोबरात, आमच्याकडच्या पावसाळ्याच्या तोंडावर, तिच्याभोवती रोज दोन-दोनशे माणसं जमत होती. कोणी चटया आणल्या होत्या, कोणी मांदाझीची, म्हणजे तळलेल्या गोड वड्यांची, टोपली मांडून धंदाच लावला होता. टाकी बोलत होती. आवाज बारीक, किरकिरा होता. पण बोलत होती यात शंका नाही, मी स्वतः ऐकलं.

"शांत राहा," प्रॉफेट झेफानिया म्हणाला. पांढरा झगा, पायांत नवेकोरे बूट. "पलीकडचे येतायत."

टाकीतून आधी एक गाणं आलं. मग एक बाई मक्याचे भाव सांगू लागली.

"स्वर्गातही मका विकत घ्यावा लागतो का हो?" मासळीवाली नाचिसाले म्हणाली.

"तुझ्यासारख्या शंकेखोरांना तिथंही विकतच मिळणार."

लोक हसले. माणूस हजरजबाबी होता, ते मी नाकारत नाही. आदल्या दिवशी टाकीनं साबणाची जाहिरात म्हटली, तेव्हा त्यानं पापं धुण्यावर अर्धा तास प्रवचन झोडलं होतं. त्याचे चेले बाजूला विजेपासून राखणारी तांब्याची कडी विकत होते. तांबं कुठून आणलं, हे मी विचारलं नाही.

मग प्रॉफेटनं झग्याची बाही हळूच सरकवून घड्याळ पाहिलं आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले. "ये, वेडसन, ये. तुझी आई वाट बघतेय."

बरोबर दहा वाजता टाकी म्हणाली, "हे आपलं चिम्वाला केंद्र. मी वेडसन. कुठे जाऊ नका, मी इथंच आहे."

बायका रडू लागल्या. टाकीच्या लाकडी पायाला टेकून बसलेली म्हातारी तेवढी रडली नाही. तिनं पत्र्यावर बोटं टेकवली, चटका बसल्यासारखी मागे घेतली आणि पुन्हा टेकवली. ती नाम्बेवे, माझी सासू. वेडसन माझा नवरा. मार्चमध्ये वीज पडून तो गेला.

त्या वेळी तुला काय वाटलं, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. काही वाटलं नाही. मार्चपासून मला काहीच वाटत नव्हतं. जेवणात मीठ आहे की नाही, हेही कळत नव्हतं. मी रेडिओ केंद्रावर तंत्रज्ञ आहे. केंद्राचा मनोरा टाकीपासून दोनशे पावलांवर, त्यामुळे टाकी का बोलते ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी बारा दिवस गप्प राहिले. वेडसन आमचा निवेदक होता. दर तासाला वाजणारं त्याचं ते वाक्य मी संगणकातून काढलं नव्हतं. हातच उचलत नव्हता.

"आई, घरी चला," मी म्हणाले.

"तो म्हणतो जाऊ नका, तू म्हणतेस चला. कुणाचं ऐकू, एलुबी?"

"पाऊस आठवड्यावर आलाय. विजा सुरू झाल्या की या लोखंडाला हात लावणारा माणूस वाचत नाही."

"तीच तर वेळ," प्रॉफेट मध्येच म्हणाला. "पहिल्या विजेबरोबर पोरगा खाली उतरेल. जो हात लोखंडावर असेल तोच तो धरेल. आई उठली, तर आल्या पावली परत जाईल."

म्हातारीनं मान डोलवली. तिच्या बोटांच्या टोकांवर पांढरे ठिपके पडले होते. वीज पडल्यावर हात कसा दिसतो ते मी मार्चमध्ये पाहिलं होतं. मी उठले आणि केंद्रावर गेले.

दुपारी तीनला थोडा वेळ असताना परत आले, ती लोखंडी सळई, हातोडा, बादलीभर पाणी, लाकडी मुठीचा चिमटा लावलेली तांब्याची तार आणि गळ्यात छोटा रेडिओ घेऊन. सळई जमिनीत ठोकली, भोवती पाणी ओतलं, तारेचं एक टोक सळईला पक्कं बांधलं.

"बिचारी दुःखानं भ्रमली," प्रॉफेट लोकांना म्हणाला.

टाकी गात होती. माझा रेडिओही तेच गाणं गात होता. मी चिमटा टाकीच्या कडेला लावला. टाकी गप्प झाली, रेडिओ गातच राहिला.

"आत्मा नाराज झाला," प्रॉफेट म्हणाला.

"रेडिओत तर चांगला खुशीत गातोय," नाचिसाले म्हणाली. मी चिमटा तिच्या हातात दिला. तिनं काढला, टाकी गायला लागली. लावला, थांबली. तिनं पाच-सहा वेळा तसं केलं. "नळासारखं आहे की गं हे. उघडा नि बंद करा."

तीन वाजले. टाकी मुकी. माझ्या गळ्यातून वेडसन म्हणाला, कुठे जाऊ नका, मी इथंच आहे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूनंही पाहिलं.

मग मी सांगितलं. मनोऱ्यातून निघणारी लहर जवळच्या प्रत्येक लोखंडात शिरते. लोखंड जमिनीला जोडलेलं असलं की ती निमूट जमिनीत उतरते. या टाकीला पूर्वी जमिनीत गेलेला लोखंडी नळ होता. तो गेल्या वर्षी कोणीतरी भंगारात विकला. पावसाळ्यात पायांचं लाकूड ओलं होतं, आता टाकी कोरड्या लाकडावर उभी आहे. लहरीला खाली जायला वाट नाही, म्हणून ती झाकणाच्या गंजलेल्या सांध्यात तडतडते. केंद्रावर आवाज जसा चढतो-उतरतो तशी तडतड चढते-उतरते, आणि आपल्याला शब्द ऐकू येतात. बोटाला बसतो तो चटकाही तिचाच.

सासूनं तारेकडे बोट दाखवलं.

"तुमच्या मनोऱ्याला असते अशी तार?"

"तांब्याची जाड पट्टी असते. अर्थिंग म्हणतात. वीज पडली की तिच्यातून जमिनीत जाते, निवेदकाच्या खोलीत शिरत नाही."

"मग वेडसनच्या वेळी?"

"पट्टी नव्हती. कोणीतरी कापून नेली होती."

"कधी?"

"अकरा दिवस आधी."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. वरच्या कार्यालयाला कागद लिहिला होता. नवी पट्टी येईल म्हणून थांबले होते. तोवर ही तार तरी जोडायला हवी होती. ही माझ्या कपाटातच होती."

प्रॉफेट त्याच्या मोटरसायकलीकडे निघाला होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"सगळे म्हणाले, करणी केली कुणीतरी," सासू म्हणाली. "मी भावजयीशी बोलणं टाकलं. सात महिने."

"करणी नव्हती, आई. देवाचं बोलावणंही नव्हतं. एक पट्टी नव्हती."

ती माझ्या हाताला धरून उठली. मला वाटलं होतं, ती मारेल. तिनं फक्त विचारलं, "आता आहे?"

"मार्चमध्येच लावली. आता आहे."

"मला दाखव."

तिनं ती पट्टी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, बोल्ट हलतो का तेही पाहिलं. परतताना ती भावजयीच्या दारी थांबली. त्या रात्री मक्याच्या घट्ट उकडीबरोबरच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं. ते मला कळलं, आणि मी ताटावर बसूनच रडले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मनोऱ्यावर वीज पडली. आम्ही दोघी घरी होतो. रेडिओ एकदा खरखरला आणि निवेदिका पुढचं वाक्य बोलली. तासाच्या ठोक्याला वेडसनही बोलला. ते वाक्य काढू का, असं मी सासूला विचारलं होतं. रेडिओत राहू दे, म्हणाली. दर शनिवारी ती केंद्रावर येते आणि पट्टी ओढून पाहते.

तुमच्या गावात लोखंड बोलू लागलं, तर हात जोडण्याआधी ते जमिनीला जोडलंय का ते पाहा. पूर्वी तिथं काय होतं, ते कोणी नेलं, हे विचारा. आणि उत्तर कळलं, तर माझ्यासारखे कागद लिहून वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी तार जोडा.