वितीच्या आतला मासा

"सुटला! काका, परत सुटला बघा," संघप्रिया पडद्याकडे बघत म्हणाली.

सितारामने नुसती मान हलवली. हातचा मासा गेलेल्या माणसाने निदान हळहळायला तरी हवं; पण हा गडी पान खाऊन ओट्यावर बसल्यासारखा निवांत होता.

सिताराम येलदरीचा मासेमार. बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली पंचेचाळीस त्याने धरणाच्या पाण्यावर काढली. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी जाळं ओढता ओढता त्याचा उजवा हात खाली पडला तो पडलाच. लकवा. पायाने लवकर मनावर घेतलं, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं. हात तेवढा रुसून बसला. मूठ वळायची, पण वळलेली मूठ काही केल्या उघडायची नाही.

परभणीच्या फिजिओथेरपी केंद्रात अशा हातांसाठी एक खेळ होता. हातात तारांचा मोजा घालायचा. समोरच्या टीव्हीवर मासे पोहत यायचे. हात लांब करून मूठ वळली की मासा धरला जायचा आणि हात छातीशी आणला की टोपलीत पडायचा. त्याचा एक गुण. मध्येच मूठ उघडली की मासा पळाला, एक गुण वजा. टोपलीत मासा पडला की शेजारी बसलेली मनकर्णा नवऱ्याची आखडलेली बोटं एकेक करून मोकळी करायची, म्हणजे हात पुढच्या माशाला तयार.

पहिल्या दिवशी सिताराम पोट धरून हसला होता. "मासेमाराला मासे धरायचं शिकवायलाव व्हय, मॅडम? आन असला नारंगी मासा आमच्या धरणात पैदा झाला न्हाई. कालवणात टाकला तर रंगच उतरंल त्याचा."

पण खेळ त्याला आवडला. आठवड्यातून तीनदा येलदरीहून जिंतूर, जिंतूरहून परभणी असं दोन गाड्या करून दोघं यायची, आणि सितारामने एकदाही कंटाळा केला नाही.

अडचण आकड्यांची होती. संघप्रिया ही तिथली फिजिओथेरपिस्ट, पालमची, वय अठ्ठावीस, कामाला वाघ. पण एका वेळी चार पेशंट सांभाळताना प्रत्येकाच्या हाताकडे बघत बसणं तिला जमत नसे. ती संध्याकाळी मशीनमधले आकडे बघायची. सितारामचे आकडे उलटे चालले होते. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन मासे पळायचे, तिसऱ्यात आठ, आणि आज, सहाव्या आठवड्याच्या शेवटी, चौदा. मशीन एकच, वाट बघणारे बावीस. सहा आठवड्यांत ज्याचा हात सुधारत नाही त्याने जागा दुसऱ्याला द्यायची, असा तिथला नियम होता.

तिने स्टूल ओढलं आणि दोघांसमोर बसली.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. पण मूठ टिकत नाही तुमची. पुढच्या सोमवारपासून ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

मनकर्णाचा चेहरा उतरला. "अवो मॅडम, असं नका करू. हितं येऊन तेवढा जीव आला हाय त्याच्यात. घरी हात तसाच वाळून जाईल."

"काकू, मी तरी काय करू? आज चौदा मासे निसटले."

"निसटले कुठं?" सितारामला हे खरोखरच नवीन होतं. "मीच जाऊ दिले की."

"का?"

"का म्हंजी? लय बारीक होते. वितीच्या आतलं प्वार हाय ते, त्याला काय टोपलीत घालता? आमच्या मासेमारांच्या संस्थेनं पावसाळ्यात धरणात बोटाएवढी पिल्लं सोडली. ती आताच वढून काढली तर फुडल्या साली काय चिखल खावा?"

"काका, तो टीव्हीतला मासा आहे!"

"ते मला बी कळतंय. हाताला काय म्हाईत?"

संघप्रियाला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना. "अहो, मग गुण वजा व्हायलेत हे दिसत नव्हतं का? मला सांगायचं तरी!"

"तुमी इचारलं न्हाई. मला वाटलं, मशीनची रीत असंल. आपून कशाला कुणाच्या रीतीत बोलावं?"

"आन मला वाटलं, बारकं सोडत्यात हे समद्यांलाच म्हाईत असतंय," मनकर्णा म्हणाली.

तेवढ्यात संघप्रियाच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, बारका मासा सोडताना ह्यांची मूठ कोण उघडतं? तुम्ही?"

"न्हाई बा. मोठा टोपलीत पडला की मी सोडविते. बारक्याचं त्यांचं तेच करायलेत."

लकव्यानंतर मूठ वळणं आधी येतं. उघडणं सगळ्यात शेवटी, आणि कित्येकांना ते जन्मात येत नाही. हे तिला पुस्तकातून पाठ होतं. आज चौदा वेळा आपणहून मूठ उघडलेल्या माणसाला ती घरी पाठवायला निघाली होती.

ती सितारामच्या हाताशी खाली बसली. पुन्हा खेळ लावला. एक मोठा गेला टोपलीत. मग एक चिमुकला निळा मासा आला. सितारामने तो धरला, क्षणभर तोलला, आणि बोटं एकामागून एक उघडली.

"माफ करा, काका," संघप्रिया म्हणाली. "मी नुसते आकडेच बघत बसले. तुमची जागा कुठं जात नाही."

"आता समदे धरू का मंग?"

"अजिबात नाही. होतील तेवढे सोडा."

मनकर्णाने पदराने डोळे पुसले. सिताराम खूश झाला. पण मोजा काढताना त्याने इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"फेकजाळं येईल का मला परत?"

खोटं बोलणं सोपं होतं. संघप्रिया ते बोलली नाही. "नाही, काका. खांदा तेवढं वजन घ्यायचा नाही. जेवाल, अंगरखा घालाल. फेकजाळं नाही."

त्याने मोजा काढून टीव्हीसमोर ठेवला. नारंगी मासे आपले पोहतच होते.

"बरं," तो म्हणाला. "मंग जावई फेकील, मी निवडीन. निवडायला बी माणूस लागतोच की. हल्ली लोकं समदंच घिऊन जायलेत."

जिंतूरची गाडी लागलेलीच होती. बसायला जागाही मिळाली. मनकर्णाने पैसे दिले, आणि कंडक्टरने तिकिटं तिच्याकडेच धरली. सहा महिने सगळेच तसं करत होते. सितारामने उजवा हात पुढे केला. मूठ वळलेलीच होती. मनकर्णाचा हात सवयीने मदतीला निघाला, तो तिने वाटेतच मागे घेतला. अंगठा हलला. मग दुसरं बोट, मग तिसरं. मागून कुणीतरी ओरडलं, "चला की मास्तर, जल्दी!"

कंडक्टर हलला नाही. करंगळी अजून उघडायची होती. त्याने तिचीही वाट बघितली.