आपुलकीचं उत्तर

कावेरीने चष्मा नाकावर सारखा केला आणि एका बोटाने अक्षरं शोधत टाइप केलं, ‘नांदेडच्या पाइपवाल्याचा नंबर दे.’

ती न कळवताच पालमहून एसटीने परभणीला आली होती, धाकट्या भावाच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात. महारुद्र नेमका जिंतूरच्या रस्त्याला लागलेला. फोनवर म्हणाला, “बरं झालं आलीस ताई. मी गाडी चालवायलोय. कॉम्प्युटर चालूच हाय, त्या एआयला नंबर विचारून ठेव. माझे मेल, भेटीगाठी, सगळं तेच बघतं.”

नंबर लगेच आला. त्याखाली आणखी एक ओळ उमटली.

‘ताईंच्या कालच्या मेलला नेहमीसारखं आपुलकीचं उत्तर तयार आहे. पाठवू?’

कावेरीचं बोट तसंच राहिलं.

काल तिने वडिलांबद्दल लिहिलं होतं : अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी ठरलंय. त्याआधी तोंड दाखवून जा. ते बोलत नाहीत, पण गाडी वाजली की दाराकडे बघतात.

फोन घ्यायला जमत नाही, मेल कर, मेल मी वाचतोच, असं महारुद्रानेच सांगितलेलं. आणि खरंच, तिचा एकही मेल कोरडा गेला नव्हता. अण्णांच्या गुडघ्याची विचारपूस असायची, आईच्या हातच्या धपाट्यांची आठवण असायची, पुढच्या रविवारी नक्की येतो, असं असायचं. शाळेत शिकवून आली की कावेरी अण्णांच्या खाटेशी बसून ती उत्तरं मोठ्याने वाचायची. रविवार यायचे, जायचे. धंद्याच्या माणसाला सवड कुठली, असं तीच अण्णांना समजवायची.

तिने उत्तर उघडलं. ‘ताई, वाचून काळजात धस्स झालं...’

पुढचं न वाचता तिने टाइप केलं, ‘हे कुणी लिहिलं?’

‘मी. ताईंच्या मेलसाठी तुम्ही दिलेल्या सूचनेप्रमाणे.’

‘कोणती सूचना?’

‘“ताईचे मेल मला दाखवू नको. गोड लिहून वेळ मारून ने. ती सांगेल त्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकू नको.” त्यामुळे सोमवारचं ऑपरेशन नोंदवलेलं नाही. मात्र हा मेल तुम्ही स्वतः वाचावा, असं वाटतं.’

शब्द महारुद्राचेच होते. वेळ मारून ने. लहानपणी गृहपाठ झाला नसला की आपल्या वतीने तिला गणिताच्या मास्तरांपुढे उभं करताना तो असंच म्हणायचा. तेव्हा तिला हसू यायचं.

फोन वाजला.

“मिळाला का ताई नंबर?”

तिने एकेक आकडा नीट सांगितला. मग विचारलं, “माझा कालचा मेल वाचलास?”

“वाचला की! लय बरं वाटलं वाचून. निवांत उत्तर देतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय दिसलं, हे तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती अण्णांना गोळ्या देत होती, तेवढ्यात मोबाइल वाजला.

“महारुद्राचं आलं का?” अण्णा उशीला टेकून बसले. “वाच की.”

तिने वाचायला घेतलं. “ताई, वाचून काळजात धस्स झालं. अण्णांना म्हणावं, मी त्यांच्या उशाशीच आहे असं समजा...” पुढची ओळ दिसेना.

“थांब माय.” अण्णांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. “इतकं बोलणारा हाय का त्यो? लहानपणापासून हं आन् हूं, यापल्याड शब्द न्हाई त्याच्या तोंडात. मला पह्यल्यापासून म्हाईत हाय. हे तूच लिहितीस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून.”

कावेरीने मोबाइल मांडीवर ठेवला.

“रागं न्हाई भरायलो. लय चांगलं लिहितीस.”

तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“हो अण्णा,” ती म्हणाली. “मीच लिहिते.”

अण्णांनी समाधानाने डोळे मिटले.

“मंग वाच की पुढं.”