तलवार बदकांचा काठ

आमच्या कुहीकडच्या गावात तलवार बदकं कमी का झाली, यावर पारावर रोज पंचायत बसते. कोणी म्हणतं, ती हिवाळ्यापुरती इकडे येतात, जिथं अंडी घालतात त्या दूरच्या मुलखातच पाणी आटलं. कोणी शिकाऱ्यांना शिव्या घालतं. दोन्ही खरं असेल. पण मागल्या उन्हाळ्यात आम्हीच गाळ उपसून तलावाची पूर्वेची बाजू खोल केली, हे एकालाही आठवत नाही. हे बदक सहसा बुडी मारत नाही. शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढ्याच पाण्यातलं खातं. यंदाच्या हिवाळ्यात जी काही आली, ती सगळी पश्चिमेच्या उथळ काठाला दाटीवाटीनं बसली. ते बघून माझा जीव जळायचा.

आता तो काठही खोदायचं ठरलं. शेतात गाळ टाकला की पीक जोमात येतं, मग नको कोणाला? मलाही हवाच होता, आणि गाळ न्यायची पहिली पाळी माझीच होती. आमच्याकडे पहिल्या पाळीवाल्यानं नारळ फोडायचा. तो फुटतो तिथंच उन्हाळाभर खोदकाम चालतं.

सकाळी जेसीबी आला. माझे चुलत दीर रुपराव गावचे सरपंच. ते पश्चिमेच्या काठावर हळदकुंकू घेऊन तयार. मी नारळ उचलला आणि पूर्वेकडे निघाले. तिथं मधोमध गाळ अजून पुष्कळ होता. पण यंत्र उतरायची वाट माझ्याच शेतातून. मागल्या वर्षी शेत रिकामं होतं. यंदा उन्हाळी मूग शेंगांवर आला होता.

भाऊजी मागोमाग आले. जगभरातली बदकं कमी होऊन राहिली, आपल्या एका काठानं काय होणार, असं त्यांनी परोपरीनं समजावलं.

"तिकडचं माह्या हातात नाही, भाऊजी," मी म्हटलं. "हा काठ हाय."

"अन् मूग?"

"मूग माहा हाय."

पूर्वेच्या बांधावर नारळ फोडला. उभ्या पिकात यंत्र घालायला ड्रायव्हर काही धजेना. तेव्हा मीच मुगात उतरले, पायाखाली शेंगा तुडवत पुढे चालू लागले, आणि त्याला म्हटलं, "ये गा मागून."