जिंकलेला बोका

ऑगस्टमधली थंडी पडली की वाल्पाराइसो बंदराच्या टेकड्यांवर बोक्यांना ऊत येतो. पत्र्याच्या छपरांवर असा काही धिंगाणा चालतो, की माणसं उशीत डोकं खुपसून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

त्या सकाळी भांडण जुंपलं ते एदेल्मिराबाईंच्या काळ्या मोरोचं आणि खालच्या घरातल्या तांबड्या रुबियोचं. एदेल्मिराबाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. आता घरात त्या आणि मोरो, दोघंच. त्या खिडकीशी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. रुबियोचा कान फाटून रक्त गळत होतं. मोरो मात्र छपराच्या टोकावर बसून आरामात अंग चाटत होता.

खाली बाउदिलियो आपल्या बोक्याला जुन्या स्वेटरात गुंडाळत होते. बंदरातून निवृत्त झालेला, अंगानं आडवा माणूस, पण बोक्याला तान्ह्या बाळासारखं जपत होता.

"काय हो शेजारी," बाईंनी वरून आवाज दिला, "पहिलवान चालले वाटतं दवाखान्यात?"

"हसा बाई, हसा! तुमच्या त्या दरोडेखोरालाही भेटेल कुणीतरी."

बेकरीच्या रांगेत बाईंनी ही लढाई चांगली तिखटमीठ लावून सांगितली. "माझ्या मोरोला साधा ओरखडा नाही!" त्यांच्या साध्यासुध्या आयुष्यात मिरवण्याजोगं असं फार थोडं घडायचं.

पुढचे दोन-तीन दिवस मोरो फारसा घराबाहेर पडला नाही. ताटलीतल्या माशाचा नुसता वास घेऊन तो चुलीमागच्या सांदीत जाऊन बसे. बाहेर कुठेतरी ताव मारून आला असेल, असं बाईंनी ठरवून टाकलं. मांडीवर घेतलं की तो घुरघुरायचा, मग काळजी कसली? एकदाच, त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत हात गेला, तेव्हा तो फिसकारून त्यांच्या मनगटाला चावला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"माज आलाय तुला," बाई म्हणाल्या. त्यांना खरं म्हणजे रडू येत होतं.

त्याच दुपारी बाउदिलियो वर आले. बोक्यांच्या झटापटीत छपराचा पत्रा सुटला होता, तो कधी ठोकायचा ते विचारायला. बोलता बोलता त्यांची नजर चुलीमागे गेली.

"हा तिथे काय करतोय?"

"थंडी आहे ना."

"थंडी वाजली तर मांजर चुलीपुढे बसेल बाई. मागे कशाला जाईल?" ते गुडघे मोडून खाली बसले, मोरोच्या कानाला बोटं लावली. "अहो, हा तापलाय! कुठे लागलंय का?"

"कुठेच नाही. मी नीट पाहिलंय."

"पाहिलंत. चाचपून पाहिलंत का?"

बाईंनी केस बाजूला केले. शेपटीच्या मुळाशी लिंबाएवढी गाठ होती, कातडी तटतटलेली. वर तिळाएवढ्या दोन खपल्या. दाट काळ्या केसांत त्या दिसणार तरी कशा?

बाईंचा चेहरा उतरला. बाउदिलियोंनी कोपऱ्यातली टोपली उचलून मोरोला तिच्यात ठेवलं. "चला. वाट मला पाठ आहे."

दवाखान्यातल्या डॉक्टर खिमेनानं भूल देऊन केस भादरले, गाठीला चीर दिली. आतून एवढा पू आला, की बाईंना खुर्ची धरावी लागली.

"दात सुईसारखे असतात," खिमेना म्हणाली. "घाण आत राहते आणि वरची कातडी चटकन मिटते. याच्या तांबड्या दोस्ताची जखम उघडी होती, म्हणून लगेच धुता आली."

"पण हा तर घुरघुरत होता हो!"

"दुखत असतानाही घुरघुरतात. स्वतःची समजूत घालत असतील." मग हातमोजे काढता काढता ती सहज म्हणाली, "बहुतेक पळताना चावा बसलाय. तोंड देणाऱ्याला तो तोंडावर बसतो, नाहीतर पुढच्या पायांवर."

बाईंनी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. आता हा माणूस काय बोलेल, आणि तो बोलला तरी आपल्याला काही म्हणायचा हक्क कुठे उरलाय, या विचारानं त्यांचे कान गरम झाले. बाउदिलियो भिंतीवरचं कुत्र्यांचं चित्र फार लक्षपूर्वक बघत होते.

परतताना पायऱ्यांवर दम लागला, तेव्हा दोघं थांबले. टोपली मध्ये.

"मी सगळीकडे सांगत सुटले," बाई म्हणाल्या. "आणि हा बिचारा जीव मुठीत धरून पळाला होता."

"पळाला म्हणून वाचला," बाउदिलियो म्हणाले. "मीही बंदरातल्या किती मारामाऱ्यांतून पळालोय. घरी कधी सांगितलं नाही."

बाई हसल्या, मग त्यांनी टोपलीवर हात ठेवला. त्या मोरोच्या घुरघुरण्याचा विचार करत होत्या. त्यांच्या मांडीवर बसून तो दुखणं सोसत होता आणि त्या त्याला सुख समजत होत्या.

रोज जखम धुताना मोरोचे पंजे धरायला बाउदिलियो येत. येताना पाव आणत, बाई चहा टाकत. वसंत लागल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन्ही बोक्यांची नसबंदी झाली. त्यांची मैत्री काही झाली नाही. पण आता छपरावर एकमेकांकडे पाठ करून बसतात, एवढंच. बाई मात्र संध्याकाळी मोरो घरी आला की आधी त्याच्या अंगभर बोटं फिरवतात, केसांच्या उलट्या दिशेनं, सावकाश. तो वैतागतो, तरी हात थांबत नाही.